घरचे रक्तदाबमापक : यंत्र, रीत आणि वही

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात भोर येथे दिलेले व्याख्यान)



आजच्या संमेलनात मी चार शब्द बोलावे अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने केली आणि विषय निवडण्याची मोकळीकही दिली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. ज्ञातीचा पूर्वेतिहास, विद्यार्थ्यांस साहाय्य, वधूवरांच्या याद्या या विषयांवर अधिकाराने बोलणारी माणसे येथे बसली आहेत. मी पडलो डॉक्टर. या दोन तालुक्यांत लोकांची नाडी पाहण्यात माझे आयुष्य गेले. तेव्हा ज्या एका वस्तूने गेल्या काही वर्षांत आपल्या घराघरांत प्रवेश केला आहे, तिच्याविषयी बोलण्याचे मी ठरविले. ती वस्तू म्हणजे घरी रक्तदाब मोजण्याचे यंत्र. आपण सर्वजण ज्यास ‘बीपीचे मशीन’ म्हणतो ते.

विषय रुक्ष आहे, हे मी जाणून आहे. परंतु या यंत्रापायी माझ्या स्वतःच्या घरात जे घडले, ते प्रथम आपणांसमोर ठेवतो. मग विषय रुक्ष वाटणार नाही.

माझे थोरले बंधू गावी राहतात. आमचे गाव तोरण्याच्या पायथ्याच्या बाजूला, कानंद खोऱ्यात आहे. दादांनी जन्मभर भातशेती केली. सत्तरीच्या सुमारास त्यांना रक्तदाबाचा विकार असल्याचे आढळले आणि गोळ्या सुरू झाल्या. २०२२ च्या दिवाळीत मी त्यांना एक यंत्र भेट दिले. यंत्र चांगले होते, नामांकित होते. पेटी उघडून मी ते त्यांच्या हाती दिले, बटण कोठे दाबावयाचे ते दाखविले, फराळ केला आणि दुसऱ्या दिवशी पुण्यास परत आलो. दर महिन्यास दूरध्वनीवर मी विचारीत असे, “दादा, दाब किती?” ते सांगत, “एकशे अडतीस.” कधी एकशे छत्तीस. मी समाधान पावत असे.

२०२३ च्या श्रावणात एका पहाटे दादांचे तोंड वाकडे झाले आणि उजवा हात लुळा पडला. घरच्यांस वाटले, थोडे पडले म्हणजे बरे वाटेल. त्यात दोन तास गेले. मग १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलाविली. पुण्यास पोहोचेपर्यंत जो काळ हाती असावयास हवा होता तो निघून गेला होता. दादा वाचले, परंतु उजवा हात पूर्वीसारखा झाला नाही आणि शब्द आजही अडखळत येतात.

पुढे मी गावी गेलो, तेव्हा ते यंत्र आणि त्याच्याजवळची वही पाहिली. वहीत दर वेळी एकच आकडा होता. मी यंत्राचे स्मृतीचे बटण दाबले. यंत्राने आपल्या पोटात सर्व आकडे साठवून ठेवले होते. एका सकाळचे आकडे असे होते : १६८, १६१, १५४, १४७, १३८. वहीत लिहिले होते : १३८. दादा शेतावरून येत, घाम पुसून लगेच पट्टा बांधीत आणि मनाजोगता आकडा येईपर्यंत बटण दाबीत. तो एकच आकडा वहीत उतरे आणि तोच मला कळे. आकडा चांगला आहे, मग गोळी कशाला, म्हणून त्यांनी गोळ्या एक दिवसाआड केल्या आणि पुढे बंदच केल्या. गोळ्या आणण्यासाठी वेल्ह्यापर्यंतची एक खेप वाचली, एवढाच त्यातला लाभ.

बंधुभगिनींनो, दोष दादांचा नव्हता आणि यंत्राचाही नव्हता. दोष माझा होता. मी डॉक्टर असून भावास यंत्र दिले, परंतु रीत दिली नाही. आज मी येथे उभा आहे तो ती रीत सांगण्यासाठी.

रक्तदाब म्हणजे काय आणि यंत्र काय करते

हृदय हे रक्त पुढे ढकलणारा पंप आहे. पंप दाबला जातो त्या क्षणी रक्तवाहिनीच्या भिंतीवर जो जोर पडतो तो वरचा दाब. दोन ठोक्यांच्या मध्ये, पंप विसावतो तेव्हा जो जोर शिल्लक राहतो तो खालचा दाब. ‘१३८/८४’ असे आपण लिहितो, त्यातील पहिला आकडा वरचा आणि दुसरा खालचा. हा जोर पाऱ्याचा स्तंभ किती मिलिमीटर उंच उचलील यावरून तो मोजण्याची पद्धत पडली. घरच्या यंत्रात आज पारा नाही, परंतु माप मात्र पाऱ्याच्या मिलिमीटरांचेच आहे.

या मापनाचा इतिहास मनोरंजक आहे. इंग्लंडमधील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने घोडीच्या धमनीत नळी बसवून तीत रक्त किती उंच चढते ते पाहिले व १७३३ मध्ये प्रसिद्ध केले. माणसाच्या बाबतीत असे करणे शक्य नव्हते. १८९६ मध्ये इटलीतील रिवा-रोची यांनी दंडाभोवती हवेचा पट्टा गुंडाळून पाऱ्याने दाब मोजण्याची युक्ती काढली. १९०५ मध्ये रशियातील कोरोटकॉव्ह यांनी पट्ट्याखालच्या धमनीवर नळी लावून आवाज ऐकण्याची पद्धत त्यात जोडली. डॉक्टर पट्टा फुगवून, कानास नळ्या लावून जे ऐकतो, ते हेच. पारा विषारी असल्यामुळे ती उपकरणे जगभर मागे घेतली जात आहेत. भारतानेही पाऱ्यासंबंधीच्या मिनामाटा करारास २०१८ मध्ये मान्यता दिली.

घरचे यंत्र आवाज ऐकत नाही. पट्ट्यातील हवा हळूहळू सुटत असता धमनीच्या ठोक्यांमुळे पट्ट्यात जी बारीक कंपने उमटतात ती ते टिपते आणि त्यावरून हिशेब करून वरचा व खालचा दाब दाखविते. हा हिशेब प्रत्येक कारखानदाराचा निराळा व गुप्त असतो. म्हणूनच यंत्र नुसते नवे, देखणे वा महाग असून भागत नाही. त्याचा हिशेब माणसांवर पडताळून पाहिलेला असावा लागतो. हा मुद्दा लक्षात आला म्हणजे खरेदीचे निम्मे काम झाले.

यंत्र कसे निवडावे

पहिली गोष्ट, यंत्र दंडावर बांधावयाचे असावे. मनगटावरची यंत्रे लहान व सोयीची दिसतात. परंतु मनगट हृदयाच्या पातळीत थोडे इकडेतिकडे झाले की आकडा बदलतो. दंड फारच मोठा असून पट्टा बसतच नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ते वापरावे. बोटावरची यंत्रे घेऊ नयेत. पट्ट्यावाचून दाब सांगणारी घड्याळे आणि हातातल्या फोनवरचे खेळ यांवर औषधाचा निर्णय सोपवू नये.

दुसरी गोष्ट, यंत्राची पडताळणी झालेली असावी. यासाठी आंतरराष्ट्रीय मानके आहेत. स्ट्राइड बीपी ही आंतरराष्ट्रीय संस्था पडताळणीत उतरलेल्या यंत्रांची यादी सर्वांस विनामूल्य पाहता येईल अशी ठेवते. पुण्यामुंबईस शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी ही यादी उघडून द्यावी. कंपनीचे नाव जुळले एवढ्यावर थांबू नये. पेटीवरचा प्रतिरूप-क्रमांक जुळला पाहिजे. एकाच कंपनीचे एक यंत्र यादीत असते आणि दुसरे नसते. आपल्या देशात ही यंत्रे १ जानेवारी २०२१ पासून औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली, हे चांगले झाले. तथापि यादी पाहण्याचे काम त्यामुळे टळत नाही. जुलै २०२१ मध्ये शासनाच्या किंमत-प्राधिकरणाने अशा यंत्रांवरील व्यापारी नफ्यास मर्यादा घातली होती, यावरून छापील किंमत आणि यंत्राची योग्यता यांचा संबंध किती सैल असतो हे समजावे. वीस-पंचवीस सोयी असलेले महाग यंत्र नको. पडताळलेले, स्मृती असलेले, आकडे ठळक दिसणारे साधे यंत्र पुरे.

तिसरी गोष्ट पट्ट्याची, आणि आपल्याकडे सर्वांत अधिक चूक होते ती येथे. कासार बांगड्या भरताना आधी हात पाहतो, मग बांगडी निवडतो. सर्वांना एकच माप तो कधी देत नाही. यंत्राच्या पट्ट्याचेही तसेच आहे. खांदा व कोपर यांच्या मध्यावर दंडाचा घेर शिंप्याच्या फितीने मोजावा. पुष्कळशा यंत्रांसोबत येणारा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडास चालतो. त्याहून मोठ्या दंडास मोठा पट्टा वेगळा घ्यावा लागतो, लहान दंडास लहान. मर्यादा पट्ट्यावरच छापलेली असते. पट्ट्यातील रबरी पिशवीने दंडाच्या घेराचा सुमारे ८० टक्के भाग वेढला पाहिजे. पट्टा लहान पडला तर दाब खोटाच जास्त दिसतो आणि निरोगी माणूस औषधास लागतो. पट्टा मोठा झाला तर दाब खोटाच कमी दिसतो आणि रोगी माणूस निश्चिंत होतो. आवणीला वाकून वाकून ज्यांचे दंड काडीसारखे झाले आहेत अशा आमच्या कितीतरी म्हाताऱ्या बायांना हा दुसरा धोका आहे.

चौथी गोष्ट आपल्या पावसाची. यंत्र सेलवर चालणारे असावे, म्हणजे वीज गेली तरी अडत नाही. परंतु आपल्याकडच्या चार महिन्यांच्या ओलीत सेल फुटून पाझरतात आणि आतील पत्रे गंजतात. यंत्र काही दिवस वापरावयाचे नसेल तर सेल काढून ठेवावेत. चुलीजवळच्या फळीवर किंवा गळत्या कौलाखाली ते ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. रबरी नळीस पीळ देऊन ती यंत्राभोवती आवळू नये. वर्षातून एकदा यंत्र दवाखान्यात न्यावे आणि डॉक्टरांच्या उपकरणाशी ताडून घ्यावे.

मोजण्याची रीत

आता रीत. ती सोपी आहे, परंतु तीत गाळण्याजोगे काही नाही.

मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा नको, विडी-तंबाखू नको, श्रमाचे काम नको. भगिनींना एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मशेरी हीदेखील तंबाखूच आहे. सकाळी उठून मशेरी लावावयाची आणि मग पट्टा बांधावयाचा, हे चालणार नाही. मशेरी सुटली तर फारच उत्तम. न सुटली तरी मोजण्यापूर्वी ती नको. लघवीची भावना असेल तर आधी जाऊन यावे.

मग पाठीस टेका मिळेल अशा खुर्चीवर पाच मिनिटे स्वस्थ बसावे. पाय जमिनीवर सपाट, एकावर एक टाकलेले नसावेत. खुर्ची नसेल तर ओट्यावर, भिंतीस टेकून, पाय खाली टेकतील असे बसावे. हात समोर मेजावर किंवा उशीवर असा ठेवावा की पट्टा छातीच्या मध्याच्या, म्हणजे हृदयाच्या, पातळीत येईल. हात दहा सेंटिमीटर खाली लोंबकळला तर दाब सुमारे आठ मिलिमीटरने वाढलेला दिसतो. तेवढाच वर उचलला तर तितकाच कमी दिसतो. पाटातल्या पाण्याला उताराचा जो नियम तोच नळीतल्या रक्तालाही आहे.

दंड उघडा असावा. सदऱ्याच्या किंवा पोलक्याच्या बाहीवरून पट्टा बांधू नये. बाही गुंडाळून तिचा वरती करकोचा पडू देऊ नये. पट्ट्याची खालची कड कोपराच्या वळीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर असावी आणि नळी हाताच्या आतल्या बाजूने यावी. यंत्र चालू असता बोलू नये. आमच्या घरी पट्टा फुगू लागला की “किती आला, किती आला” असे चारी बाजूंनी सुरू होते. गप्पा, ओलांडलेले पाय, तुंबलेली लघवी यांपैकी एकेक गोष्टसुद्धा दाब पाच-दहा मिलिमीटरने वर नेऊ शकते.

पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजावे. ज्या दंडाचा आकडा जास्त, तोच दंड पुढे कायम वापरावा. दोहोंतील फरक नेहमीच दहापेक्षा जास्त येत असेल तर डॉक्टरांस सांगावे. नाडी अनियमित चालत असेल तर यंत्राचा हिशेब चुकू शकतो. अशा वेळी तीन वेळा मोजावे आणि तीही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी.

दर वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावयाचे आणि दोन्ही आकडे लिहावयाचे. दोन्ही, मग ते आवडोत वा न आवडोत. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, पाचव्यांदा बटण दाबून मनासारखा आकडा शोधावयाचा नाही. दादांची कथा आपण ऐकली आहे.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीचे सात दिवस सकाळी व संध्याकाळी असे मोजावे. सकाळी उठल्यापासून तासाभरात, न्याहारी व गोळी यांच्या आधी, संध्याकाळी जेवणापूर्वी. सात दिवसांचे अठ्ठावीस आकडे होतात. पहिल्या दिवशी मन बिचकलेले असते, म्हणून त्या दिवसाचे चार सोडून द्यावे. उरलेल्या चोवीसांची सरासरी म्हणजे आपला खरा रक्तदाब. रोज उठून दिवसातून दहा वेळा मोजण्याचे कारण नाही. त्याने काळजी वाढते आणि काळजीने दाब वाढतो.

आकड्याचा अर्थ

दवाखान्यात १४०/९० किंवा अधिक दाब वारंवार आढळला तर तो उच्च समजतात. घरच्या शांततेत मोजलेल्या दाबाची सीमा थोडी खाली आहे : सरासरी १३५/८५. काही जणांचा दाब डॉक्टरांचा पांढरा डगला पाहून वाढतो आणि घरी ठीक असतो. काहींचे उलट असते. दवाखान्यात ठीक, घरी चढलेला. हे दुसरे लोक अधिक संकटात असतात आणि घरच्या यंत्रावाचून ते ओळखू येत नाहीत. औषध घेणाऱ्याचा दाब कितीपर्यंत खाली आणावयाचा हे वय व इतर विकार पाहून डॉक्टरच ठरवितात.

आपल्या वडिलांच्या पिढीत एक समजूत रूढ होती की वयात शंभर मिळवावे, तेवढा दाब चालतो. सत्तरीच्या माणसास एकशे सत्तर हे योग्यच. ही समजूत चुकीची आहे. वयाबरोबर दाब वाढतो हे खरे, परंतु वाढलेला दाब निरुपद्रवी असतो हे खरे नाही.

दुसरा गैरसमज असा की काही दुखत नाही म्हणजे काही झालेले नाही. हा विकार बहुधा मुकाट्याने वाढतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांत उच्च रक्तदाब आढळला. म्हणजे या मंडपात बसलेल्या दर तिघांत एक, असे धरून चालावयास हरकत नाही. त्यातील किती जणांस ते ठाऊक आहे, हे ज्याने त्याने मनाशी पाहावे.

तिसरा गैरसमज दादांचा. आकडा उतरला, म्हणून गोळी बंद. आकडा उतरला तो गोळीमुळे. धरणाच्या भिंतीमुळे गाव पुरापासून वाचले, म्हणून भिंत काढून टाकावी, असे कोणी म्हणत नाही. भाटघरच्या पाण्याखाली ज्यांच्या जमिनी गेल्या आणि १९६१ सालच्या १२ जुलैस पानशेतची भिंत फुटली तेव्हा पुण्यात काय झाले हे ज्यांनी वडिलांच्या तोंडून ऐकले, त्यांना हे अधिक सांगावयास नको. गोळी कमी करणे, बदलणे वा बंद करणे हे काम वही पाहून डॉक्टरांनी करावयाचे आहे. यंत्र पाहून आपण करावयाचे नाही.

आकडा १८०/१२० किंवा त्याहून अधिक आला तर घाबरू नये. पाच मिनिटे स्वस्थ बसून पुन्हा मोजावे. तरीही तेवढाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. परंतु त्याबरोबर छातीत दुखणे, धाप लागणे, दिसेनासे होणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, बोबडी वळणे यांपैकी एकही लक्षण असेल, तर दुसऱ्यांदा मोजण्यात वेळ दवडू नये. १०८ ला बोलवावे. किंबहुना अशी लक्षणे दिसली तर आकडा कितीही असो, निघावे. मेंदूच्या रक्तवाहिनीतील गुठळी विरघळविण्याचे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. आमचे दोन तास घरातच गेले, हे मी आपणांस सांगितलेच आहे.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. गोळ्या घेणाऱ्या वृद्धास उठून उभे राहताच भोवळ येत असेल, तर बसून मोजावे आणि उभे राहून एक व तीन मिनिटांनी पुन्हा मोजावे. वरचा दाब वीस किंवा अधिक उतरत असेल तर डॉक्टरांस कळवावे. बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीचा दाब घरी मोजावयाचा तर यंत्र गर्भवतींसाठी पडताळलेले आहे काय हे यादीत पाहावे. तिचा दाब १४०/९० किंवा वर गेला, डोके दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सकाळची वाट पाहू नये.

आणखी एक गोष्ट आपल्याकडची. आवणीच्या दिवसांत कंबर व गुडघे धरतात, आणि दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून माणसे त्या आठवडाभर खातात. अशा पुष्कळ गोळ्यांनी दाब वाढतो. वहीत त्याचीही नोंद करावी. मिठाविषयी जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसास पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, एवढेच मीठ असावे. लोणचे, पापड, सुकी मासळी हे सर्व त्यातच धरून.

आपल्या खोऱ्यांचा प्रश्न

कोणी म्हणेल, दवाखाने आहेत, आशाताई आहेत, तीस वर्षांवरील सर्वांची तपासणी सरकार फुकट करते. मग घरी यंत्र कशास? त्या सोयींचा लाभ प्रत्येकाने घेतलाच पाहिजे. गोळ्याही तेथे विनामूल्य मिळतात. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील पहिल्या जिल्ह्यांत आपल्या शेजारचा सातारा होता. ठरलेली औषधे, महिनाभराच्या गोळ्या एकदम आणि प्रत्येक रुग्णाची नोंद, या साध्या गोष्टींवर तेथे भर दिला गेला. नोंद हाच त्याचा प्राण होता, हे ध्यानात घ्यावे.

परंतु आपला मुलूख आपण जाणतो. हिरडस मावळातील वाड्या, वेळवंडी व गुंजवणीची खोरी, तोरण्या-राजगडाच्या खांद्यावरची वस्ती. ज्या वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय शासनाने २०२४ मध्ये घेतला, तेथे जून ते सप्टेंबर या काळात एखादा ओढा चढला तरी वाडी तुटते. वरंध घाट दरडींनी वारंवार बंद होतो. तरुण मुले पुण्यास, मुंबईस. घरी राहतात ती म्हातारी माणसे. महिन्यातून एकदा नसरापूरच्या किंवा भोरच्या बाजारास गेले असता धापा टाकीत मोजलेला एक आकडा हा त्यांच्या महिन्याचा हिशेब होऊ शकत नाही. म्हणून मी म्हणतो, यंत्र आपल्याच खोऱ्यांना अधिक हवे.

मात्र प्रत्येक घरी एक असलेच पाहिजे, असे नाही. वाडीत एक यंत्र, निरनिराळ्या मापांचे पट्टे, शिंप्याची एक फीत आणि ते वापरावयास शिकलेली एक जबाबदार व्यक्ती, एवढे असले तरी काम होईल. मंडळास माझी नम्र सूचना आहे. संमेलनात सत्कारांच्या शाली-श्रीफळांवर जो खर्च होतो, त्यातील काही भाग एका वर्षापुरता या कामी लावावा. यंत्र फक्त आपल्या ज्ञातीपुरते ठेवू नये. वाडीतल्या कोणाच्याही दंडास तो पट्टा बांधला जावा. रक्तदाबास ज्ञाती ठाऊक नाही.

आणि गणपतीस, शिमग्यास गावी जाणाऱ्या तरुणांना सांगणे आहे. आईवडिलांस यंत्र जरूर न्या. परंतु माझ्यासारखे बटण दाखवून परत फिरू नका. एक पूर्ण दिवस बसा. त्यांच्याकडून तीनदा मोजून घ्या, चुका दाखवा, वही आखून द्या. शंभर पानी वहीत रकाने पुरेत : तारीख व वेळ, पहिला आकडा, दुसरा आकडा, नाडी, आणि गोळी घेतली की नाही. आकडा वाईट आला तर रागावू नका. दादांनी चांगलेच आकडे लिहिले ते मला बरे वाटावे म्हणून, असे मला पुष्कळदा वाटते.

शेवटी त्या यंत्राचे पुढे काय झाले ते सांगून पुरे करतो. दादांचा हात गेल्यावर पट्टा बांधण्याचे काम वहिनींकडे आले. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. मी दोन दिवस राहून त्यांना रीत शिकविली. आज त्यांची वही पाहण्यासारखी आहे. १५८ आला तर १५८ लिहितात. त्या वहीवरूनच डॉक्टरांना दिसले की दादांचा दाब संध्याकाळी ठीक असतो आणि सकाळी चढतो. त्यांनी गोळ्यांची मांडणी बदलली आणि दाब आटोक्यात आला.

शिकताना वहिनींनी एकदा सहज स्वतःच्या दंडास पट्टा बांधून पाहिला. जन्मात त्यांनी कधी मोजला नव्हता. सात दिवसांची सरासरी १५६/९४ आली. त्यांना काही दुखत नव्हते, काही होत नव्हते. आज त्यांचेही औषध चालू आहे आणि त्याच वहीत, मागील बाजूने, त्यांची पाने आहेत. मशेरी सुटावयास सहा महिने लागले, पण सुटली.

दादांना यंत्र देऊन मी जे गमावले, ते रीत शिकवून वहिनींच्या बाबतीत थोडे परत मिळाले. आपणांपैकी ज्यांच्या घरी यंत्र आहे त्यांनी आज घरी गेल्यावर त्याचे स्मृतीचे बटण दाबून पाहावे, आणि वहीशी ताडावे, एवढीच विनंती.